तळ्यात पाणी किती हवं? नेरूळच्या पाणथळीवरच्या कामाच्या नोंदी, हंगाम २०२४-२५

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. कार्तिक वद्य द्वितीया

तळं निम्म्याहून जास्त उघडं पडलंय. पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला, नेरूळ आणि सीवूड्सच्या मध्ये असलेल्या या तळ्यात पावसाचं पाणी होतं तोवर बरं चाललं होतं. आता मधल्या खोलगटात तेवढं उरलंय आणि त्यावर हिरव्या शेवाळाचा थर धरलाय. कडेचा चिखल भेगाळायला लागलाय. थोडे शेकाटे, दोन राखी बगळे, हळदी-कुंकू बदकांची एक जोडी. रोहित अजून आलेले नाहीत.

हे काम कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे नव्याने येणाऱ्या मुलांना वाचायला देता येईल. रोहित, म्हणजे सगळे ज्याला फ्लेमिंगो म्हणतात तो पक्षी, जेवतो खाडीच्या चिखलावर. ओहोटीला हा चिखल उघडा पडतो, त्यावर वाढणारी सूक्ष्म शैवालं हे लहान रोहिताचं मुख्य खाणं. भरती चढली की तोच चिखल पाण्याखाली जातो. मग हजारो पक्ष्यांना पाणी उतरेपर्यंत उभं राहायला उथळ, मोकळी आणि निवांत जागा लागते. नवी मुंबईच्या काठावरची ही तळी म्हणजे ती जागा. भरतीच्या वेळी पाम बीच रस्त्यावर उभं राहिलं तर थवेच्या थवे खाडीवरून इकडे येताना दिसतात, ते याच कारणाने.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. क्षेत्र साधारण १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकी खाडीचं पाणी नि चिखल. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. म्हणजे पक्षी जिथे जेवतो त्या जागेला कायद्याचं छत्र आहे. भरतीला तो जिथे टेकतो, ती तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर. बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) अभ्यासक त्यांना अभयारण्याच्या सॅटेलाइट पाणथळी म्हणतात आणि त्यांच्यासाठी वेगळा व्यवस्थापन आराखडा त्यांनी मांडलाय. मला तर या तळ्यांशिवाय अभयारण्याचा अर्थच अर्धा वाटतो. दिवसातून दोनदा ज्याला उठून जावं लागतं, त्याला जायला ठिकाण नसेल तर तो त्या खाडीवर तरी किती दिवस राहील?

गेल्या उन्हाळ्यात याच पट्ट्यात भरतीचं पाणी तुटलेलं तळं कोरडं पडलं, आणि एप्रिल-मेमध्ये मेलेले नि जखमी रोहित सापडले. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून सुमारे ४० रोहित गेले. त्या बातम्या वाचून आमचा गट जमला. तळ्यात भरतीचं पाणी पुन्हा खेळतं करायचं, पाण्याची उंची रोज मोजायची आणि कोणत्या उंचीला कोण येतं ते लिहायचं, एवढंच ठरवलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार. वद्य नवमी

भांगाचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, खाडीला जोर नाही, म्हणून मोरीचं, बांधाखालच्या पाइपांचं, काम आज धरलं. परवानगीचं पत्र खिशात ठेवूनच उतरलो: यंत्र नाही, नुसते हात, घमेली आणि फावडी, आणि कांदळवनाच्या एका फांदीलाही धक्का नाही.

बांधाखालून दोन सिमेंटचे पाइप तळ्यात येतात. खाडीकडची तोंडं गाळाने अर्धी बुजलेली, त्यावर प्लास्टिक, थर्माकोल, देवघरातले फोटो, तुटलेलं जाळं. जाळ्यात एक चिंबोरी अडकून मेलेली होती. दुपारपर्यंत तोंडं मोकळी झाली. आतून पाइप कितपत मोकळा आहे ते बांबू घालून पाहिलं. अडथळा लागला, पण पार नाही बुजलेला.

मोजपट्टी रोवली. लोखंडी नळी, त्यावर सेंटिमीटरचे पट्टे, तळ्याच्या मधल्या खोलगटाच्या कडेला. शून्य म्हणजे तिथला तळ. आजचं वाचन १२.

१ डिसेंबर, रविवार. अमावास्या

उधाण. दुपारी बाराच्या आसपास भरतीची वेळ, म्हणून सगळे अकरापासून मोरीवर बसलो. पाणी आलं, चिपीच्या मुळांवर चढलं, पाइपच्या तोंडाशी टेकलं आणि तिथून मागे फिरलं. आत थेंब नाही. पाइपचा उंबरा आणि पाणी यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. मुलांचे चेहरे उतरले. पट्टीवर ९.

बांध घातला तेव्हाच पाइप उंच बसवले असावेत, किंवा बाहेरचा चर गाळाने वर आलाय, अशी चर्चा झाली. चर उपसायचा तर पुन्हा वेगळी परवानगी.

४ डिसेंबर, बुधवार

पट्टीवर ११.

पाऊस नाही, सांडपाण्याची वाट या तळ्यात नाही, तीन दिवस कुणी पाणी आत येताना पाहिलं नाही, आणि पाणी वाढलंय. पट्टी हलली की काय म्हणून हात लावून पाहिली, घट्ट आहे. मोरीच्या आतल्या बाजूला ओल्या चिखलावर ताजी ओघळ दिसली, आणि तिच्यात दोन निवटे, खाडीच्या चिखलावर सरपटणारे छोटे मासे. निवटे काही चालत बांध ओलांडून आले नाहीत.

८ डिसेंबर, रविवार

इथल्याच सारसोळे गावातल्या काकांना गाठलं. आयुष्य खाडीत गेलेला माणूस, अजूनही होडी काढतात. मोरी, उंबरा, दुपारची भरती, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, हिवाल्यान मोठा पानी रातचा येतं. तुमी दिवसा बसून काय बघनार?"

मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीला पाऊण तासाने गुणायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पुनवेला नि अवसेला बाराच्या सुमारास. खाडीत आत जाल तशी वेळ थोडी मागे पडते. हा हिशेब मला ऐकून माहीत होता. दिवसाची नि रात्रीची भरती सारखी नसते आणि कोणती मोठी ते ऋतूवर ठरतं, हे मात्र कुणी असं समोर ठेवलं नव्हतं.

घरी येऊन भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. डिसेंबरच्या उधाणात दुपारची भरती चार मीटरच्या आगेमागे, रात्रीची पाचच्या जवळ. जवळजवळ एक मीटरचा फरक. आमचा उंबरा नेमका त्या मधल्या मीटरात बसतो.

कारण आकाशात आहे. हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र बराच उत्तरेकडे असतो आणि मध्यरात्री आपल्या माथ्याजवळून जातो, त्यामुळे पाण्याचा मोठा फुगवटा रात्री आपल्यावर येतो. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर दक्षिणेकडे, तेव्हा पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचा फुगवटा उत्तरेकडे झुकतो आणि तोही आपल्याकडे मध्यरात्रीच येतो. पावसाळ्यात हे सगळं उलटतं, म्हणून जून-जुलैत दुपारच्या भरतीचे इशारे सुटतात. मार्चच्या सुमारास दोन्ही भरत्या जवळजवळ सारख्या होतात.

याचा आमच्या कामाशी सरळ संबंध आहे. रोहितांचा हंगाम सुरू होतो त्याच महिन्यांत तळ्याला पाणी फक्त मध्यरात्री मिळू शकतं, तेही महिन्यातल्या मोजक्या उधाणाच्या रात्री. त्या रात्री पाइपच्या तोंडाशी कचऱ्याचा बोळा अडकला, किंवा कुठे झडप असेल आणि ती संध्याकाळी बंद झाली, तर तळं पुढचा पंधरवडा उपाशी. दिवसा पाहणी करणाऱ्या माणसाला काहीच चूक दिसणार नाही.

आज भांग होता, तेव्हा पाइपच्या आतला गाळही काढला. दोन्ही पाइपांतून पलीकडचा उजेड दिसला.

१५ डिसेंबरची रात्र. मार्गशीर्ष पौर्णिमा

रात्री अकराला मोरीवर. काका, त्यांचा पुतण्या, कॉलेजची तीन मुलं आणि मी. बॅटऱ्यांना लाल कागद लावला होता, कारण पांढऱ्या उजेडाने बसलेले पक्षी उठतात. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड तसाही तळ्याच्या निम्म्या भागावर पडतो, त्याचा विषय वेगळा लिहायला हवा.

साडेअकराला पाणी उंबऱ्याशी. पंधरा मिनिटांनी पहिला पाइप बोलायला लागला. आधी घशातून निघावा तसा आवाज, मग दोन्ही पाइपांतून भरभरून पाणी. मुलं ओरडणार होती, काकांनी हात वर केला. पाण्याबरोबर कोळंबीची पिल्लं, बोयांची पिल्लं, तिवराची पानं, आणि दुर्दैवाने पुष्कळ थर्माकोल. पाइपासमोर तात्पुरती जाळी धरून तो अडवला. जाळीची भोकं मोठी ठेवली आहेत, मासे अडकायला नकोत.

सुमारे दोन तास पाणी आत येत होतं. ओहोटी लागल्यावर पाइपांतून थोडं मागे गेलं आणि उंबऱ्याच्या पातळीला येऊन थांबलं. म्हणजे जो उंबरा दिवसाची भरती आत येऊ देत नाही, तोच रात्री आलेलं पाणी तळ्यात धरून ठेवतो. उंबरा फोडून खाली घ्यावा, असं आमच्यातले दोघे म्हणत होते. आजची रात्र पाहून तो विचार सोडला. उंबरा खाली गेला तर तळं ओहोटीबरोबर रिकामं होईल.

काकांनी सांगितलं की पूर्वी खारजमिनीच्या बांधांना उघाडी असायची. लाकडी दार, समुद्राचं पाणी अडवायचं आणि पावसाचं सोडायचं. भातासाठी पाणी बाहेर ठेवायला होती ती. गावात उघाडी सांभाळणारा माणूस ठरलेला असे आणि त्याला तिथी पाठ असत. आम्हाला तोच माणूस हवाय, फक्त त्याने उघाडी पाखरांसाठी सांभाळायची.

२२ डिसेंबर, रविवार. वद्य सप्तमी

पट्टीवर २४. शेवाळाचा थर फुटून एका कोपऱ्यात गोळा झालाय. पाण्याला खाडीचा वास आला, तो मला आवडला.

आणि रोहित आले. लहान रोहितच बहुतेक, चोच गडद लाल, मान खाली. मागच्या बाजूला काही मोठे रोहित, उंच, पांढुरके, चोचीचं टोक काळं. सकाळच्या ओहोटीला सगळे खाडीवर गेले आणि भरतीला परत आले. दोन्ही वेळा मुलांनी वेळ लिहिली.

पाणी किती हवं याचं एकच उत्तर नाही, हे आज पट्टी आणि दुर्बीण एकत्र ठेवून स्पष्ट दिसलं. मोठा रोहित खोल भागात आरामात. लहान रोहित त्याच्या अलीकडे. शेकाट्या आणि काळ्या शेपटीचा पाणटिवळा आणखी कडेला, पोटाला पाणी लागणार नाही इतक्यावर. आणि छोटा टिलवा अगदी काठाला, जिथे नुसती ओल आहे. मुठीत मावेल एवढा हा पक्षी सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून येतो, आणि त्याला इथे बोटभर पाणीही जास्त होतं. तळ्याचा तळ उताराचा आहे म्हणून २४ ला सगळ्यांची सोय होते: मध्ये पाणी, काठाला ओला चिखल. तळ सपाट असता तर एकाच उंचीच्या पायांचे पक्षी राहिले असते. सुशोभीकरणाच्या नावाखाली तळी एकसारखी खोल करून भिंती बांधतात, तेव्हा नेमका हा उतार जातो. नंतर पाणी भरपूर असतं आणि पक्षी का येत नाहीत म्हणून लोक विचारत बसतात.

१२ जानेवारी २०२५, रविवार. पौष शुद्ध चतुर्दशी

आशियाई पाणपक्षी गणनेसाठी आजचा दिवस धरला होता. भरती अकराच्या सुमारास, म्हणून दहा ते बारा. ओहोटीला मोजलं तर तळं रिकामं दिसतं, आणि कागदावर रिकामं दिसलेलं तळं कुणाच्या तरी फायलीत निरुपयोगी ठरतं. वेळ निवडण्यावर इतकं अवलंबून आहे.

मुलांना मोजणी शिकवली. थव्यातले शंभर पक्षी एकेक करून मोजायचे, ते डोळ्यात किती जागा घेतात ते पाहायचं, मग तेवढे तुकडे थव्यावर मांडत जायचं. दोघांनी एकमेकांना न विचारता मोजायचं आणि आकडे शेवटी जुळवायचे. शेजारच्या तळ्यांवरच्या गटांशी फोनवर वेळ बांधून घेतली, कारण थवा इथून उठून तिकडे बसला तर दोन्हीकडे मोजला जातो. दहा चाळीसला एक थवा उठला, लगेच कळवलं, त्यांनी तो वजा केला.

खाडीतल्या रोहितांचा आकडा बीएनएचएसच्या मोजणीत लाखावर गेलेला आहे. इतके पक्षी एका खाडीवर असताना एखादं तळं गेलं तर काय बिघडलं, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं होतं. बिघडतं ते असं: लाख पक्ष्यांना भरतीला टेकायला ठिकाणं थोडीच आहेत. एक गेलं की तिथले पक्षी दुसऱ्यावर दाटी करतात, किंवा हवेतच फिरत राहतात आणि खाडीवर कमावलेली ताकद उडण्यात घालवतात. शिवाय जवळच नवा विमानतळ उभा राहतोय. पाणथळी गेल्या तर पक्षी विमानांच्या वाटेत येतील, असा इशारा अभ्यासकांनी आधीच देऊन ठेवलाय. पक्षी कुठे बसावेत हे आपल्याला ठरवायचं असेल, तर त्यांच्या बसण्याच्या जागा ओल्या ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

३० जानेवारी, गुरुवार

पट्टी १७ वर उतरली होती आणि पहाटे कुत्री आत शिरली. पाच जणांची टोळी, थेट तळ्याच्या मध्यापर्यंत चालत गेली. सगळा थवा उठला. कुत्र्यांना अडवणारं कुंपण इथे पाण्याचंच आहे. ते वीतभराच्या खाली गेलं की कुंपण मोडलं.

कांदळवनात कोल्हेही आहेत. मुलं विचारत होती, कोल्हा चालतो आणि कुत्रा का नाही. कोल्हा इथलाच, खेकडे, उंदीर, मेलेले मासे खाणारा, त्याची संख्या त्या कांदळवनाच्या पोटात बसेल तेवढीच राहते. कुत्र्यांचं पोट आपण भरतो, बांधावर टाकलेल्या अन्नावर, त्यामुळे त्यांची संख्या तळ्याच्या नियमाने चालत नाही. शिवाय त्यांच्याकडून कोल्ह्यांना रेबीज जाण्याची भीती. निर्बीजीकरण आणि लसीकरणासाठी संबंधित कार्यालयाला पत्र दिलं. बांधावर खाणं टाकणाऱ्या आजींशी बोलणं झालं. त्या आता सोसायटीच्या फाटकापाशी, ठरावीक जागी खायला घालायला तयार आहेत. फार मोठी गोष्ट केली त्यांनी. रोज पहाटे बांधापर्यंत चालत जाणं हा त्यांचा नेम होता.

आज रात्री उधाण आहे, पाणी येईल.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या सोसायटीची बैठक. तक्रार डासांची, आणि ती खरी आहे. लहान मुलांची आजारपणं झालेली आहेत, त्यांना पक्ष्यांचं कौतुक सांगून भागत नाही. मी पट्टीची वही घेऊन गेले होते. डास साचलेल्या पाण्यात वाढतात. नोव्हेंबरात तळ्याची तीच अवस्था होती. भरती खेळायला लागल्यावर पाणी खारं झालं, बदलत राहिलं, आणि खाडीतले छोटे मासे आत आले, जे अळ्या खातात. बाटलीत पाणी भरून नेलं होतं, त्यातली पिल्लं पोरांनी पाहिली. एक काकू म्हणाल्या, मग डास येतात कुठून? त्यांच्यासोबत इमारतीमागच्या गटाराच्या झाकणापर्यंत गेलो. उत्तर तिथे होतं. गटारासाठी सोसायटी आणि आम्ही मिळून अर्ज करतोय.

२ मार्च, रविवार. फाल्गुन शुद्ध तृतीया

पट्टीवर ३८.

कोष्टकात होतं तसंच झालं. आता दुपारची भरतीही उंबरा ओलांडते, दिवसातून दोनदा पाणी आत येतं. काठाचा ओला चिखल पूर्ण बुडाला, पाणी थेट दगडी बांधाला लागलं. छोटे टिलवे नाहीत, तुताऱ्या (टिलव्यांसारखेच काठचे छोटे पक्षी) नाहीत, शेकाटे एका टोकाला गोळा झालेले. लांबून पाहणाऱ्याला तळं आज सगळ्यात सुंदर दिसेल. पक्ष्यांच्या दृष्टीने ते अर्धं बंद झालंय.

आणि याच आठवड्यांत टिलव्या-तुताऱ्यांना सगळ्यात जास्त खायचं असतं. एप्रिल-मेपर्यंत हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास, त्यासाठी अंगावर चरबी चढवायची ती इथल्याच चिखलातल्या किड्यांवर.

काकांनी सुचवलं, पाइपच्या खाडीकडच्या तोंडाला खाच असलेल्या लाकडी फळ्या बसवा, एकावर एक. हवं तेवढं पाणी घ्यायचं, बाकी अडवायचं. जुन्या उघाडीचीच ही धाकटी आवृत्ती. अर्ज आजच केला, सोबत नोव्हेंबरपासूनची पट्टीची वाचनं आणि पक्ष्यांची पानं जोडली. एका पाइपाला फळ्या आणि दुसरा मोकळा, असं मागितलंय. पाणी पूर्ण तोडायचा अधिकार कुणाच्याच हातात, आमच्याही, नसावा.

१२ मार्च, बुधवार

फळ्यांना तात्पुरती परवानगी मिळाली, हंगाम संपेपर्यंत. अर्जासोबतची वाचनं पाहून अधिकारी स्वतः मोरीवर आले, चिखलात उतरले. वही ठेवल्याचा फायदा.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

पट्टी २६. काठ पुन्हा ओला, टिलवे परत आले. भरतीला तळ्याचा पूर्वेकडचा भाग रोहितांनी भरलेला. पिसांवर रंग चढलाय, तो खाण्यातल्या रंगद्रव्यांचा. हिवाळाभर खाडी खाल्ली की असे गुलाबी होतात. गुढी उभारून लोक थेट इकडे आले, नऊवारीतल्या बायका, झब्बे घातलेली पोरं. मुलांनी दोरी धरून सगळ्यांना बांधाच्या अलीकडे थांबवलं. कुणी हुज्जत घातली नाही. दुर्बिणीपुढे रांग लागली होती.

१९ एप्रिल, शनिवार

दोन गोष्टी.

शेजारच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूलजवळच्या) तळ्याच्या ३० एकरांना फ्लेमिंगो संवर्धन राखीव करण्याला राज्य पातळीवर मंजुरी मिळाल्याची बातमी आली. संवर्धन राखीव ही तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. अभयारण्याएवढी कडक नाही, स्थानिक लोकांचा समितीत सहभाग राहतो, आणि शहरातल्या तुकड्यासाठी मला ती योग्य वाटते. वर्षानुवर्षं तिथे उभं राहिलेल्या, पत्रं लिहिलेल्या माणसांचं हे यश. आता त्या तळ्याचं पाणी कोण, कोणत्या उंचीला ठेवणार हे त्याच्या आराखड्यात लिहिलं जावं. आमची वही त्यांना देऊ केलीय.

दुसरी गोष्ट अवघड. तळ्याच्या पश्चिम काठाला तिवराची रोपं दिसायला लागली आहेत, वितभर उंचीची. गेल्या पावसाळ्यात आलेली. तिवराची फळं पावसाळ्यात पडतात, भरतीबरोबर तरंगत येतात आणि उघड्या चिखलावर काही दिवस निवांत मिळाले की मुळं धरतात. अशीच वाढत गेली तर काही वर्षांत इथे दाट कांदळवन होईल आणि रोहितांना उतरायला मोकळं पाणी उरणार नाही. खाडीतही हेच होतंय, गाळ वाढतो, चिखलावर तिवरं सरकतात.

रोपं उपटावीत असं गटातल्या एकाचं मत. मी स्पष्ट नाही म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाला जे संरक्षण दिलंय, ते अनेकांच्या झगड्यातून आलंय. पक्ष्यांसाठी म्हणून आज आम्ही रोपं उपटली, तर उद्या दुसरं कुणी भरावासाठी उपटेल आणि आमचंच उदाहरण दाखवेल. आलेली रोपं आहेत तिथे राहतील. नवी येऊ न देण्याचा सरळ मार्ग पाण्याचाच आहे: फळं पडण्याच्या काळात, साधारण जुलै ते सप्टेंबर, पट्टी ४० च्या वर ठेवायची, म्हणजे काठाचा चिखल उघडाच पडणार नाही आणि फळ रुजणार नाही. जुलैत टिलवे इथे नसतात, पण ऑगस्टपासून परतायला लागतात, त्यांच्या जागेचाही विचार करावा लागेल. ऑक्टोबरमध्ये पाणी हळूहळू उतरवायचं. कांदळवनाचे जाणकार काय म्हणतात ते विचारून मगच आराखड्यात घालू.

२८ मे, बुधवार

या वर्षी मे महिना पावसातच गेला आणि परवा, २६ तारखेला, मोसमी पाऊस मुंबईत दाखलही झाला, १९५० पासूनच्या नोंदींत सगळ्यात लवकर. पट्टी ४४. पाणी जवळजवळ गोडं.

रोहितांचे मोठे थवे गेले. काही लहान, राखाडी पक्षी अजून आहेत, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असावेत. २०२२ मध्ये बीएनएचएसने ठाणे खाडीतल्या काही रोहितांवर उपग्रहाने माग काढणारी यंत्रं बसवली होती, त्यांतून हे पक्षी गुजरातपर्यंत जातात हे दिसलं. कच्छच्या रणात पाऊस चांगला झाला तर तिथे चिखलाच्या ढिगांवर घरटी होतील. त्यावर आपला हात चालत नाही. आपल्या हातात या मधल्या मुक्कामाचं पाणी आहे.

हंगामाचा ताळा मांडायला बसलो. २२ ते २६ या पातळीला सगळ्यात जास्त प्रकारचे पक्षी एका वेळी दिसले. १८ च्या खाली कुत्री आणि शेवाळ, ३५ च्या वर काठचे पक्षी गायब. हे आकडे आमच्या तळ्याचे आहेत, दुसऱ्या तळ्याला तसेच लागू होतील असं नाही. तिथे पट्टी वेगळी रोवावी लागेल.

फळ्यांची परवानगी हंगामापुरती होती. आता पावसाळ्यात पाणी धरून ठेवायला त्याच लागतील, म्हणून मुदतवाढीचा अर्ज उद्या सकाळी देतेय. त्यात तीन मागण्या: फळ्या वर्षभर ठेवू द्याव्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उधाणाच्या रात्री मोरीवर माणूस ठेवावा, आणि त्या कामाला सारसोळ्यातलाच, खाडी जाणणारा माणूस मानधनावर घ्यावा. काकांनी पुतण्याचं नाव सुचवलंय. हिवाळ्यातल्या रात्रींची यादी तिथीसकट अर्जाला जोडलीय. पावसाळ्यात पट्टी वाचायला कॉलेजच्या मुलांनी आठवड्याचे वार वाटून घेतलेत, सोमवारपासून वही त्यांच्याकडे.